मक्त्याने दिलेली चिंगळी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल राहिली नाही, शिलाईचा खडू आला. ब्लाउजांच्या मापांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच तर ऱ्हस्वदीर्घाकडे बघू नये. एखादा शब्द लागला नाही तर सोडून पुढे जावं. कुणी वाचावं म्हणून मी लिहीतही नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, एवढंच.

परवा मालवणच्या बाजारात दोरे घ्यायला गेले होते. एका दुकानाबाहेर शाळेची दप्तरं टांगलेली, आणि प्रत्येक दप्तरावर चिंगळी. दोन वेण्या, नाकावर तीळ, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा. खाली छापलेलं, ‘मी माझीच!’ एका बाईने दुकानदाराला विचारलं, “ही कोण ओ?” तो म्हणाला, “मोबाइलवर येता ती. मुंबयच्या कंपनीची.”

मी तिथेच उभी होते. दोरे घेऊन घरी आले. तेव्हापासून मशीनवर बसले की टाका वाकडा जातो. म्हणून म्हटलं, इंदूवैनीबद्दल लिहून टाकावं.

इंदूवैनी माझी शेजारीण. तोंडवलीत आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, तोही मधे पडलेला, त्यामुळे तिचं अंगण आणि माझं अंगण एकच. यंदा आंबे उतरायच्या आधी ती गेली. तिला मी कधी बसलेली पाहिली नाही. जेवायची ती चुलीकडच्या दारात उभी राहून, ताटली हातात धरून. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. उन्हात घातलेली आमसुलं इतक्यांदा उलटायची की एकदा मी म्हटलं, “वैनी, ती बिचारी आता चक्कर येवन पडतली.” ब्लाउजाचं माप द्यायला आली की मी टेप घेऊन तिच्यामागे फिरायचे.

“गो वैनी, जरा उभी तरी ऱ्हव.”

“उभीच आसय मगे. बसलंय काय?”

तिचा नवरा बाबल मेस्त्री तिच्या अगदी उलट. सुतार. एक दार करायला घेतलं तर लाकडाशी आधी दोन दिवस नुसता बोलत बसणारा. आम्ही त्याला बाबलदादा म्हणायचो. तो सांगायचा, “लग्नात भटजीन हिका सांगितल्यान, पाटार बस. तर ही म्हणता, तुमचां चलांदे, मी आयकतंय.” वैनी आतून ओरडायची, “बसलंय असतंय तर तुमी पळून गेलास असतास!”

बाबलदादाने पांगाऱ्याच्या लाकडाच्या दोन बाहुल्या केल्या होत्या. हात घालून नाचवायच्या. एक सोमगो, तपकीर ओढणारा म्हातारा, ज्याला जगातलं सगळं कळतं. दुसरी चिंगळी, सुक्या चिंगळासारखी, म्हणजे बारक्या सुकवलेल्या कोळंबीसारखी बारीक पोर, जी त्याचं काही चालू देत नाही. चिंगळीचा एक डोळा मोठा, कारण कोरताना दादाचं पटाशी धरलेलं बोट सटकलं. तो दुसरी कोरणार होता. वैनीने हातातून काढून घेतली. म्हणाली, “ऱ्हवांदे. एका डोळ्यान झोपता, एका डोळ्यान बघता.”

बाहुल्यांचे कपडे मी शिवायचे. सोमग्याची बंडी आणि चिंगळीचा परकर-पोलका. परकराला खाली दुमड ठेवायला वैनी सांगायची. म्हणायची, पोर आहे, वाढेल.

शाळेत, जत्रेत, बारशात खेळ व्हायचा. पुढे गोणपाटाचा पडदा, मागे दादा दोन्ही हात वर करून उभा. सोमग्याचा आवाज त्याचाच. चिंगळीचा आवाज वैनीचा. लोकांना वाटायचं दोन्ही आवाज दादाच काढतो, आणि वैनीने कुणाला कधी सांगितलं नाही. मी बाहुल्यांचे कपडे बदलायला पडद्यामागे असायचे, म्हणून मी पाहिलंय. वैनीला उभं राहून बोलता यायचं नाही. ती पडद्यामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलायची. आवाज डावीकडे गेला की दादाचा चिंगळी घातलेला हात तिकडे धावायचा, उजवीकडे आला की इकडे. चिंगळी म्हणून सारखी पळत असायची. पोरांना वाटायचं, किती गो अवखळ पोर. ती पळत होती ती वैनीच्या आवाजाच्या मागे.

प्रत्येक भांडणाच्या शेवटी सोमगो हरायचा आणि कमरेवर हात ठेवून, कुणाची पोर गं तू म्हणून गरजायचा, “कोणाचां गो तू चेडू?”

आणि चिंगळीबरोबर सगळी पोरं ओरडायची, “मीच माझां!”

चिंगळी मेस्त्रीच्या घरात ट्रंकेत राहते हे गावातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. एकदा शेजारच्या वाडीतली एक चिमुरडी एकटीच पेरू घेऊन आली. दारात उभी राहून म्हणाली, “चिंगळी आसा?” वैनी चुलीकडे मासे तळत होती. तिथूनच चिंगळीच्या आवाजात उत्तर आलं, “थंयच ठेव. आंगूळ करतंय.” पोरीने पेरू उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, “बरां. साबण लाव.”

वैनीला ते इतकं आवडलं की नंतर कधीही भांडण झालं आणि तिच्याकडे उत्तर नसलं की ती म्हणायची, “बरां. साबण लाव.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. वैनीच्या घरामागे हापूसची थोडी कलमं आहेत. आमच्याकडे बरेच जण करतात तसं तेही दर वर्षी आंबे मक्त्याने द्यायचे. म्हणजे मोहोर बघून व्यापारी आधी पैसे देतो. त्या हंगामाची फळं त्याची. झाडं आपली. हंगाम संपला की व्यापारी जाळी, खोके उचलून जातो आणि झाड पुन्हा घरचं होतं. यात लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

एका वैशाखात वाऱ्याने पडलेला एक पिकलेला आंबा माझ्या अंगणात घरंगळत आला. मी तो नेऊन वैनीला दिला. तिने तो हातातही घेतला नाही.

“राखणदाराच्या खोपीर ठेवन ये.”

“गो, पडलेलो आसा. तुझ्याच झाडाचो.”

“पैशे घेतलंव ना? मगे? पैशे घरात आसत तवसर पडलेलो आंबो पण आपलो न्हय.”

मी खोपीत ठेवून आले. राखणदार मला हसला आणि त्याने तो तिथेच चोखून खाल्ला. वैनीने ते पाहिलं आणि समाधानाने पुन्हा अंगण झाडायला घेतलं.

मग कुणीतरी जत्रेतला खेळ मोबाइलवर टाकला. तो मुंबईपर्यंत गेला, आणि पोरांचे कार्यक्रम करणारी मुंबईची एक कंपनी मेस्त्रीच्या पडवीत आली. गाडीतून तिघं उतरले. त्यातल्या एक मॅडम होत्या, बोलायला गोड, सुती साडीतल्या. मी कोपऱ्यात चिंगळीच्या परकराची दुमड घालत बसले होते, म्हणून मी ऐकलं. दादाने विचारलं, “किती वर्सां?”

मॅडम म्हणाल्या, “पाच वर्षं तुम्ही आमच्याबरोबर काम करायचं, मेस्त्री. पैसे आधी मिळतील. पुढचं पुढे बघू.”

दादा आत गेला. वैनी चहा गाळत होती.

“पाच वर्सांचो मक्तो,” तो म्हणाला. “पैशे आदीच देतत.”

“झाडां आमचीच ना?”

“मगे काय ती उपटून नेतत?”

दोघं हसली. दादाने बाहेर येऊन सही केली. कागद जाड होता, त्याने दोन पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला. चिंगळीचा आवाज कुणाचा, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्या हिचो.” त्यांना गंमत वाटली. कागदावर तिचं नाव कुठे आलं नाही. ते पैसे छपरावर गेले. कौलं काढून पत्रे घातले, भिंत बांधली.

आवाज भरायला कणकवलीत एक खोली घेतली होती, भिंतींना गाद्या लावलेली. सोबत म्हणून मी जायचे. पहिल्या दिवशी वैनीला खुर्चीवर बसवलं आणि तोंडापुढे ती जाळीची वस्तू धरली. वैनीच्या तोंडून शब्द फुटेना. चिंगळीचा तर नाहीच, तिचा स्वतःचाही नाही. चालू दिलं तर पावलांचा आवाज यायचा. आवाज भरणारा माणूस डोक्याला हात लावून बसला. वैनी म्हणाली, “माका कायतरी करूक दिया. हात रिकामे आसले की माझी जीब चलणा नाय.” सूप दिलं तर आवाज, नारळ किसायला दिला तर आवाज. शेवटी तिनेच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी परातीऐवजी मोठं केळीचं पान आणि तांदळाचं पीठ घेऊन गेली. पीठ मळायला आवाज होत नाही. ती उभी राहून मळत राहिली आणि चिंगळी भराभरा बोलत राहिली. ज्या भागात चिंगळी सोमग्याची तपकीर चोरते तो पाहिलात तर तिचा आवाज मधेच जोर काढून येतो. तिथे पीठ घट्ट झालं होतं. दुपारी त्याच पिठाच्या भाकऱ्या त्या खोलीतल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

ती दोन वर्षं चांगली गेली. मग बाबलदादा आजारी पडला आणि फार दिवस न काढता गेला.

कंपनीने बाहुल्या आधीच मुंबईला नेल्या होत्या. दादा गेल्यावर त्यांनी काम तिथेच नेलं. वैनीला फोनवर म्हणाले, गरज लागली तर कळवू. गरज लागली नाही. नवीन चिंगळी आली ती चित्रातली, आवाज कुणा मुंबईच्या मुलीचा. मालवणी बरी बोलायची ती. वैनी माझ्या मोबाइलवर उभ्या उभ्या बघायची. तिने त्या पोरीला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त एकदा म्हणाली, “ह्यां चेडू सोप्यार बसान बोलता गो.” आणि खरंच, कंपनीची चिंगळी सोफ्यावर बसून बोलायची.

वैनी काही म्हणाली नाही, कारण तिच्या हिशोबाने हंगाम संपलेला नव्हता. फळं त्यांची होती, त्यांनी कशीही खावी. पाच वर्षं पुरी झाली तशी तिने मॅडमना फोन लावला. आमचं आम्हाला द्या. मॅडम कणकवलीला येणार होत्या, तिथे भेटू म्हणाल्या. मी बरोबर गेले. हायवेजवळचं मोठं हॉटेल, आणि मॅडमच्या शेजारी एक वकील.

“बसा ना काकी,” मॅडम म्हणाल्या.

“बसल्यावर माझं डोकं चालत नाही,” वैनी म्हणाली. कचेरीत बोलायची मराठी तिने येतानाच जमवून ठेवली होती. “पाच वर्षं झाली. आमच्या बाहुल्या आम्हाला द्या.”

“काकी, पाच वर्षं मेस्त्रींच्या कामाची होती. सोमगो आणि चिंगळी कायमचे कंपनीचे आहेत. नाव, चेहरा, कपडे, बोलणं, सगळं. त्यांची सही आहे.”

“कायमचे म्हणजे?”

“कायमचे म्हणजे कायमचे.”

वैनी टेबलांच्या मधून जाऊन आली. वाढपी सरबताचा ट्रे घेऊन तिच्यासाठी थांबला.

“म्हणजे आम्ही विकले?”

“हो. तसंच समजा.”

“आणि आवाज?”

मॅडमनी वकिलाकडे बघितलं. तो म्हणाला, “चिंगळी म्हणून तुम्हाला तो आवाज लोकांत काढता येणार नाही.”

“माझ्या गळ्यातला?”

“गळा तुमचाच आहे हो काकी,” वकील हसला. “त्यातून चिंगळी बाहेर येऊ देऊ नका, म्हणजे झालं.”

वैनी जागच्या जागी थांबली. इतक्या वर्षांत तिचे पाय थांबलेले मी तेव्हाच पाहिले. कचेरीची मराठी गळून पडली.

“आंबे मक्त्यान दिले तर फळां नेतत. झाड मुळासकट नेलेला मी खंय बघूक नाय. माझ्या घोवान झाड दिल्यान नाय तुमका. तुमी म्हणतास विकल्यान. तर मगे ह्यो व्यवहार आमका नको. तुमचे पैशे तुमी घेवा.”

“काकी, पैसे परत करायची काहीच गरज नाही,” मॅडम घाईने म्हणाल्या. “उलट आम्हीच तुम्हाला थोडं मानधन देणार आहोत. एका कागदावर फक्त तुमची सही—”

“पयले पैशे परत करतंय. मगे बोलू.”

मॅडम वाईट नव्हत्या. आम्हाला सोडायला बाहेरपर्यंत आल्या. म्हणाल्या, “काकी, माझी मुलगी चिंगळी लावल्याशिवाय जेवत नाही हो.”

वैनी चपला घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, “खंयच्या चिंगळीशिवाय?”

मॅडम पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. वैनी म्हणाली, “बरां. साबण लावा,” आणि चालू पडली.

येताना मी तिला म्हटलं, “वैनी, पैशे कित्याक परत करतंस? आपल्या अंगणात तू बोललंस तर मुंबयक ऐकाक जाता काय?”

“मुंबयचां कोण बोलता गो? त्यांचे पैशे माझ्या छपरार आसत. त्या छपराखाली चिंगळी बोलली तर ती पडलेलो आंबो उचलल्यासारखी.”

वकिलाच्या धमकीला ती भ्यायली नव्हती. वकील म्हणाला नसता तरी ती बोलली नसती. मला हे तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटलं, चार दिवसांनी विसरेल.

ती विसरली नाही. आणि तिथून पुढे वर्षं गेली. पहिल्यापासून फिरणारी बाई, पण आधी ती बोलत फिरायची. आता तोंड मिटून फिरू लागली. सकाळी समुद्रावर जाऊन यायची, पुन्हा जायची. माझ्या दारात येऊन “काय नाय गो” म्हणून परत जायची. चिंगळीचा आवाज तिचा हे कंपनी आल्यापासून गावात कळलेलं, म्हणून शाळेच्या बाईंनी वर्षाच्या कार्यक्रमाला विचारलं. “बाहुली नसली तरी चालेल, वैनी, रुमालाची करा, पोरांना नुसता आवाज ऐकवा.” वैनी म्हणाली, “अजून हंगाम उठूक नाय.” बाईंना वाटलं, आंब्याचं बोलते.

माझी नात तापाने फणफणली होती तेव्हाची गोष्ट. पेज घेईना. वैनी दारात उभी. पोर म्हणाली, “आजये, चिंगळीक बोलव.” वैनीचे ओठ हलले. मी पाहिलं, मान वर झाली, गळ्याची शीर ताणली, आवाज अगदी दातांपर्यंत आला होता. तिने पदर तोंडात कोंबला आणि निघून गेली. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर ती आपल्या कलमांच्या मधून येरझारा घालत होती. पोरीने पेज घेतली नंतर, ते वेगळं. पण वैनी पुढे कितीतरी दिवस माझ्या घरात पाऊल टाकायला बिचकायची.

पैसे तिने असे फेडले. आमसुलं, कोकमाचं आगळ, भाजलेले काजूगर, ओला नारळ विकून. आंब्यांच्या मक्त्याचे पैसे यायचे ते सरळ तिकडे. हातातल्या पाटल्या गेल्या. मालवणच्या बँकेतून ती कंपनीच्या खात्यात भरायची. खातं मॅडमनी दिलं होतं, वैतागून, काकी फोन करायच्या थांबेचनात म्हणून. पहिल्यांदा भरले तर कंपनीने ते तिला परत पाठवले. तिने त्याच दिवशी पुन्हा भरले. पुन्हा आले, पुन्हा गेले. बँकेतला माणूस म्हणाला, “काकी, ह्या पैशांपरास एसटी तरी कमी फिरता.” शेवटी कंपनीच कंटाळली आणि पैसे ठेवून घेऊ लागली. पावतीबिवती काही पाठवली नाही. वैनीला पावती नको होती. बँकेचा शिक्का पुरे.

मी शिलाईतले थोडे देऊ केले. म्हणाली, “तुझे घेतले तर मगे तुझ्या अंगणात गप ऱ्हवाचां लागात. थंय तरी बोलूक दी.”

पण तिची खरी घालमेल पैशांची नव्हती. पैसे काही ना काही करून होत होते. तिचा आवाज जात होता. आधी सकाळचा बसायचा, मग दिवसभर. कावळ्यांना हाकलायला ओरडली तर घोगरं निघायचं. मालवणच्या डॉक्टरने गळा तपासला आणि म्हणाला, “आजार काही नाही, काकी. वय झालं.” रस्त्यात ती मला म्हणाली, “माझां झालां. चिंगळीचां खंय झालां? तां अजून पाच वर्साचांच आसा.” मग जरा पुढे जाऊन, मागे वळून न बघता, “शालन, पैशे फिटले आणि आवाजच नाय इलो तर गो?”

मी काय सांगणार? म्हटलं, गरम पाणी घे.

विहिरीवर एकटी असतानाही तिने तो आवाज काढून पाहिला नाही. तपासून बघावं असं किती वाटलं असेल तिला. मला दुरूनसुद्धा वाटायचं. मीच कधीकधी रात्री अंथरुणात तोंडातल्या तोंडात “मीच माझां” म्हणून बघायची. माझ्या तोंडात ते चिंगळीसारखं वाटत नसे.

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर एका सकाळी ती माझ्या दारात आली. हातात पिशवी. “चल गो मालवणाक. शेवटचे आसत.”

बँकेत तिने नोटा सरकवल्या. आतला माणूस शिक्का मारून म्हणाला, “काकी, आता कायएक ऱ्हवलां नाय. संपलां.” ती “बरां” म्हणाली. पावतीची घडी घालून पदराच्या टोकाला बांधली. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने बाजारातून मीठ घेतलं, दोन बांगडे जास्त महाग म्हणून परत ठेवले, आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो.

गाडी तोंडवलीची. अर्धी रिकामी. मी खिडकीशी बसले. वैनी दांडा धरून उभी. कंडक्टर एक तरुण बाई होती, तिकिटाच्या मशीनवर बोटं चालवत मागून पुढे येत होती. आमच्यापाशी आली आणि वर न बघता म्हणाली, “खंय?”

वैनीने घसा खाकरला. मला वाटलं खोकला आला. तिने दुसऱ्यांदा खाकरला. तोंड उघडलं तर नुसता वारा आला. तिने दांडा सोडला, दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली, पुन्हा पुढे गेली. आणि मग आवाज आला. बारीक, मधे चिरलेला, खापरासारखा, पण तोच.

“माका आर्धां! मी ल्हान आसय!”

“सगळ्याच बायकांक आर्धां आसा, आजये,” कंडक्टरबाई सवयीने म्हणाली. आणि तिची बोटं मशीनवर थांबली. तिने मान वर केली. वैनीकडे बघितलं, मग वैनीच्या हाताकडे, बाहुली कुठे आहे ते बघायला. हात रिकामा होता. ती याच बाजूच्या शाळेत शिकलेली असणार. तिने एक हात कमरेवर ठेवला, छाती भरून घेतली आणि सोमग्यासारखा जाड आवाज काढून गरजली,

“कोणाचां गो तू चेडू?”

“मीच माझां!”

मागच्या सीटवरून दोन बायका बरोबर ओरडल्या. ड्रायव्हरने आरशात बघितलं. माझंही तोंड उघडलं होतं. आवाज निघाला की नाही, सांगता येत नाही.

वैनी पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत चालत सुटली होती. सोमग्याची तपकीर, त्याची फाटकी बंडी, त्याने चोरून खाल्लेले लाडू, सगळं सांगत. चिरलेला आवाज इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत होता. गाडी वळणावर कलली तशी ती दांड्याला आपटली.

“आजये, पडशीत गो!” कंडक्टरबाई हसत हसत ओरडली. “जागा आसा. बस!”

वैनीने पदराची गाठ चाचपली.

“पैशे फिटले गो बाय,” ती म्हणाली. “आता कित्याक बसू?”